बाईंनी घालवलेला खोकला

शिवणाच्या बाईंची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, असं क्लासच्या मुली म्हणत. अर्थात बाई पाणी प्यायला आत गेल्या की. समोरच्या खोलीत सहा मशीनं आणि मागच्या खोलीत निवृत्त झालेले बस कंडक्टर, म्हणजे बाईंचे यजमान. हजारो प्रवाशांना 'पुढे सरका' म्हणून दमात घेतलेला माणूस, पण घरात ब्र काढायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी त्यांना रक्तदाब निघाला. रोज सकाळी एक गोळी ठरली. बाई ती स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवत आणि चहा बघायला वळत. महिन्याभरात त्यांना कोरडा खोकला लागला. बाई बाहीचं माप समजावत असल्या की नेमका आतून ठसका यायचा आणि मुली फिदीफिदी हसायच्या. एक दिवस बाईंचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडल्या, "अहो, खोकायचंच असेल तर बाहेर जाऊन बसा! वीट आणलाय नुसता."

ते मुकाट्याने जिन्यात जाऊन बसले.

मग बाईंनी आलं-मधाचा मारा सुरू केला, आणि तीन-चार आठवड्यांत खोकला पळाला. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. दिसेल त्याला आपलं औषध सांगत सुटल्या. "हिच्या हाताला गुण आहे," तेही मान डोलवून म्हणायचे.

दोन महिन्यांनी सकाळी त्यांच्या हातून कप निसटला. उजवी बाजू लुळी पडली होती.

"गोळी चालू होती ना?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवस चुकली नाही," बाई ठासून म्हणाल्या.

नर्सने यजमानांचे कपडे आणून दिले. घडी घालताना बाईंनी सवयीने शिवण चाचपली. घरात घालायच्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात मूठभर गोळ्या होत्या. बाईंनी त्या डॉक्टरांना दाखवल्या आणि खोकल्याचंही सांगितलं.

"या गोळीने काहींना खोकला येतो," डॉक्टर म्हणाले. "मला सांगितलं असतं, तर दुसरी दिली असती. अशी मनाने बंद करायची नसते."

बाईंना आता उमगलं. आल्याने नव्हे, गोळी सोडल्याने खोकला गेला होता. आणि गोळी का सोडली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुपारी लेक आली. गोळ्या बघून तिचा तोल गेला. "बाबा, लहान आहात का? आई रोज हातात देते आणि तुम्ही खिशात घालता?"

"वि...सरलो," ते वाकड्या तोंडाने कसंबसं म्हणाले.

बाई गप्प बसल्या असत्या, तर सगळं तिथेच निभावलं असतं.

"त्यांना बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मी क्लासच्या मुलींदेखत त्यांना खोकल्यावरून घराबाहेर बसवलं. म्हणून सोडली त्यांनी गोळी."

यजमान चांगला हात हलवून 'नाही, नाही' करत होते. तो हात धरावा असं बाईंना फार वाटलं, पण त्यांचा स्वतःचा हात काही पुढे झाला नाही.