उडालेला लाल रंग

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, मोरीला लागून, एक अरुंद खोली आहे. तिथे एका बाईने बावीस वर्षं माणसांच्या बेडक्याला रंग दिला. हसू नका. कापड रंगवणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. ही तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला रंगवत होती. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची तांबूस झालेली, म्हणून सगळे तिला लालबोटी म्हणत. आली होती बाटल्या धुवायला. जुन्या तंत्रज्ञाच्या हातांकडे बघत बघत शिकली, मग रीतसर परीक्षाही पास झाली.

तिचं काम असं. बेडका काचेच्या पट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग त्यावर लाल रंग ओतून खालून ऊब द्यायची. वाफ निघाली पाहिजे, पण उकळी फुटता कामा नये. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं कवच असतं, तापल्याशिवाय रंग आत शिरत नाही. एकदा शिरला, की वरून आम्ल ओतलं तरी जंतू तो सोडत नाही. बाकीच्या सगळ्यांचा लाल रंग धुऊन जातो आणि त्यांना शेवटी निळा देतात. निळ्या रानात लाल काड्या दिसल्या, की रोग सापडला.

तिचा धाकटा दीर शिंपी. तो महिनाभर खोकत होता. लालबोटीनेच त्याची पट्टी रंगवली, लाल काड्या मोजल्या, आणि त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, गालही भरले. तेवढ्यात पडताळणीचा कागद आला. जुन्या पट्ट्या अधूनमधून मोठ्या प्रयोगशाळेत जातात, तिथे त्या दुसऱ्या डोळ्यांनी पुन्हा बघतात. कागद म्हणत होता, दिराच्या पट्टीत जंतू नाहीत.

शिंपी गळ्यातल्या टेपसकट दवाखान्यात आला.

"काय वहिनी, धडधाकट माणसाला गोळ्या चारल्यात! दोन महिने लघवी नारिंगी होतेय माझी. मला वाटलं, तुमचं रंगकाम आता घरादाराला लागलं."

"भाऊजी, मग खोकला कशाने थांबला?"

"खोकला काय, येतो नि जातो. आजपासून गोळ्या बंद."

"मध्येच सोडल्यात तर रोग परत उठेल. आणि मग कदाचित या गोळ्यांना जुमानणार नाही."

"म्हणजे कागद खोटा आणि तुमचे डोळे खरे? चष्म्याचा नंबर वाढला म्हणून तुम्हीच सांगत होतात ना?"

आवाज ऐकून आत आलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता नवा बेडका तपासून उपयोग नाही. एवढ्या गोळ्यांनंतर जंतू दिसतीलच असं नाही. पुरावा काय तो त्या जुन्या पट्टीतच."

पट्टी कागदासोबत परत आली होती. लालबोटीने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निळंच निळं. मग तिची नजर खिडकीकडे गेली. कपाटाला ओल आली, म्हणून तिनेच पट्ट्यांची पेटी खिडकीत ठेवली होती. पेटीचं झाकण तडकलेलं, आणि दुपारचं ऊन रोज नेमकं तिथेच. आम्लाला जे जमलं नव्हतं, ते उन्हाने सावकाश केलं होतं.

"बसा भाऊजी. अर्धा तास द्या मला."

"अर्ध्या तासात माझी एक बाही होते."

"ती उद्या शिवा."

भिंगाखाली बघताना पट्टीवर लावतात ते जुनं तेल तिने काढलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. लाल रंग, ऊब, वाफ. शिंपी कुरकुरत बसला होता, तो हळूहळू पुढे सरकला. "रेशमावर इस्त्री फिरवावी तसं जपताय हो," तो म्हणाला. आम्ल, पाणी, निळा रंग, पुन्हा पाणी. पट्टी वाळली. ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली, मग स्टुलावरून उठली.

"बघा आता. काय दिसतं?"

शिंपी वाकला. "निळं... आणि मध्ये बारीक लाल. शिवण उसवल्यावर दोऱ्याचे तुकडे राहतात ना, तसे." मग त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, हे माझ्यात होते?"

"होते. थोडे अजूनही असतील. तेवढ्यासाठीच गोळ्या."

त्याने टेप गळ्यातून काढून खिशात घातली. "आजची गोळी राहिलीय. पाणी द्या."

लालबोटीने मोठ्या प्रयोगशाळेला कळवलं, "रंग उडाला होता, पुन्हा चढवल्यावर जंतू दिसले. पेटी उन्हात मीच ठेवली होती." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं. तिने ते खोडलं नाही.

चार दिवसांनी शिंप्याने पेटीसाठी जाड काळ्या कापडाची खोळ शिवून आणली, आत अस्तर लावून. गोळ्यांचा शेवटचा महिना संपला, तेव्हा तिने त्याची नवी पट्टी केली आणि काठापासून काठापर्यंत बघितली. तो दारात उभा होता.

"लाल दोरा?"

"एकही नाही."

"रंग उडाला नसेल ना?"

"आत्ताच चढवलाय, भाऊजी," ती म्हणाली, आणि पट्टी पेटीत ठेवून तिने खोळीची नाडी ओढली.