माझी वाटी वेगळी

“अरे, त्यात नको ओतून घेऊस. तुझा कप सिंकखाली आहे ना?”

मॅडमनी हे भरल्या हॉलमध्ये सांगितलं. दुबई मरीना, एकतिसावा मजला. पंधरा मराठी पाहुणे माझ्या हातच्या पुरणपोळ्या चापून बसलेले. माझ्या हाताचं पुरण चालतं. माझ्या ओठाचा कप चालत नाही. असलं यांचं सोवळं.

मी त्यांचा स्वयंपाकी. व्हिसा साहेबांच्या नावावर. म्हणून चार वर्षं मुकाट्याने सिंकखालून कप काढत आलो.

टीव्हीवर त्यांच्या कैलासयात्रेचे फोटो चालले होते. यात्रेत वरणभात रांधायला मलाही नेलं होतं. वाटेत दरड कोसळली आणि तिबेटमधल्या एका लहानशा गावात दोन दिवस अडकलो. उंचावरचं नदीचं खोरं, जवाची शेतं, भिंतींवर वाळत घातलेलं शेण.

“शेण थापतात बघा भिंतीला,” साहेब हसले. पुण्याजवळच्या खेड्यात वाढलेला माणूस. जन्मात गोवरी पाहिली नसल्यासारखा हसला.

त्या गावात ही मंडळी खोलीत बसून बाटलीतलं पाणी पीत होती. माझा गॅस संपला, म्हणून डाळ शिजवायला मी घरमालकिणीच्या चुलीशी गेलो. म्हातारी बाई. तिने घरच्यांना चहा ओतला. माझ्यासाठी मात्र फळीवरून वेगळी लाकडी वाटी काढली. माझं डोकं फिरलं. वेगळं भांडं मी लहानपणापासून ओळखतो. गावात माझा कप पाटलाच्या वळचणीला खोचलेला असायचा. मी वाटी पालथी घातली आणि उठलो.

आमचा नेपाळी वाटाड्या म्हणाला, “बैठो भाई. यहाँ हर आदमी का अपना कटोरा होता है. बाप का बेटा भी नहीं लेता. यह मेहमान का है. सबसे अच्छावाला.”

मी बघितलं. घरच्यांच्या वाट्या साध्या लाकडाच्या. माझ्या वाटीला आतून चांदी मढवलेली. इतका ओशाळलो की मान वर होईना. म्हातारीने वाटी सरळ केली, पुसली, भरली. खारट चहा, वर लोणी तरंगणारं. घशाखाली उतरेना. तरी तीन वाट्या प्यायलो.

आणि इथे मरीनात माझी जागा सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी.

मी पाहुण्यांच्या कपांतला एक कप उचलला. चहा ओतला. हॉलच्या मधोमध उभा राहून प्यायलो.

“मॉम, दॅट्स अवर कप,” त्यांची मुलगी म्हणाली.

“व्हिसा कोणाचा आहे, विसरलास?” मॅडमनी विचारलं.

“नाही विसरलो. कॅन्सल करा. खलास.”

आता दुबईतच, जुन्या देरा भागात एका खोलीत आठ जणांत झोपतो आणि काम शोधतो. परवा एका घरी बाईंनी विचारलं, पगार किती घेशील? मी म्हणालो, आधी मी चहा कशातून पिणार ते दाखवा. बाई घुटमळल्या. मी चपला घातल्या. अशी आणखी दहा घरं सोडावी लागली तरी सोडीन.