राजीनाम्यावरचा अंगठा

"ती बाई बंद कर आधी. लई डोकं खाती," असं म्हणत संस्थेच्या सचिवांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. विचारलंसुद्धा नाही.

ती बाई म्हणजे माझ्या फोनमधला आवाज. मला जन्मापासून दिसत नाही. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते ती सांगते. दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. कागदाचा फोटो काढला की त्यावरची अक्षरंही ती वाचून दाखवते. याच संस्थेच्या परंड्यातल्या शाळेत मी कारकून आहे. शाळेची पत्रं मी त्याच फोनवर लिहितो.

सचिवांना ती बंद करता येईना. डोळस माणूस सवयीनं एकदाच बोट लावतो. मग ती नुसतं नाव वाचते, उघडत काहीच नाही. ते चिडून बोट दाबत राहिले, ती बोलत राहिली. शेवटी हेडमास्तरांनी खटपट करून तिचं तोंड बंद केलं. ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

फोन परत मिळाला तेव्हा हातात नुसती गुळगुळीत काच उरली होती. आत माणूस असताना कुणी बाहेरून कडी घालावी, तसं झालं.

मग हेडमास्तरांनी माझा अंगठा धरला. नोकरीला लागल्यापासून हीच रीत. मला सही येते. पण आंधळ्याचा अंगठाच घ्यायचा, हे यांनी ठरवून टाकलेलं. गार शाई अंगठ्याला लागली.

"कशाचा कागद हाय, सर?"

"रजेचा. नेहमीचाच."

मी रजा मागितलीच नव्हती. मी हात ओढून घेतला.

"तुला नोकरीला कुणी लावलं, इसरला का?" सचिव म्हणाले.

फोनच्या कडेची आवाजाची दोन्ही बटणं मी एकदम दाबून धरली. बाई परत बोलू लागली. ती अशी चालू होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद ओढायच्या आत मी टेबल चाचपून त्याचा फोटो काढला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

"प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे," बाईनं वाचलं. खाली माझं नाव.

आता कुणी हसलं नाही. खुर्च्या सरकल्या, जो तो आपापल्या टेबलाकडं गेला.

तेव्हापासून मला एकही पत्र लिहायला देत नाहीत. दिवसभर कोपऱ्यात बसवून ठेवतात. कंटाळून हा आपणहून जाईल, असं त्यांना वाटतं. मी जाणार नाही. इतक्या वर्षांत कशाकशावर माझा अंगठा उठवलाय, मला माहीत नाही. त्या प्रत्येक कागदाची प्रत मी लेखी मागितली आहे. अर्ज मीच टाईप केला, खाली सही केली. प्रती दिल्या नाहीत तर धाराशिवला, जिल्ह्याच्या ऑफिसात जाईन. आणि मिळाल्या की एकेक कागद इथंच, या सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचायला लावीन.