खड्ड्यातला टाकळा

आमच्या सोसायटीने मागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांची मिळून भाजी लावली आहे. दर रविवारी सकाळी आम्ही तण उपटतो आणि मेथी, भेंडी घरोघरी सारखी वाटून घेतो. परवा उपटलेलं तण मी खताच्या खड्ड्यात टाकून वळलो, तर आमचे जिने झाडणाऱ्या पारूबाई तिथे वाकलेल्या. तणातली कोवळी पानं खुडून पदरात घेत होत्या.

"टाकळा आहे हो हा," त्या म्हणाल्या. "कांद्यावर परतला की छान लागतो. तुम्ही फेकलात म्हणून घेतला."

आम्ही सहाजण हातमोजे घालून बघत राहिलो. न पेरता उगवलेलं अन्न आम्ही दोन पावसाळे मुळासकट उपटून कुजवत होतो. सगळ्यांची भाजी म्हणताना सगळे म्हणजे कोण, हे आम्ही कधी बोललो नव्हतो. बोलायची वेळच आली नव्हती, कारण तोवर आमच्याखेरीज कुणी हात पुढे केला नव्हता.

"पारूबाई, तो इथे ठेवा," सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले. "सभासदांचा आहे. वाटपात घेऊ."

पारूबाईंनी पदर सोडून पानं खाली ठेवली. आम्ही त्या पानांच्या जुड्या बांधल्या. माझी जुडी घेऊन मी त्यांना जिन्यात गाठलं. "यात डाळ कुठली घालायची हो?"

"मुगाची," त्या म्हणाल्या, आणि मी वर जाईपर्यंत झाडू बाजूला धरून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.