शेवटच्या बांधीची सूचना

भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले त्या सुमारास मी संगणकाचा एक कोर्स केला आणि त्या एका कोर्सवर आजवर निभावून नेलं. भंडाऱ्यात बसस्टँडच्या मागे माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका. पाटीवर सगळ्यात खाली 'वेबसाइट बनवून मिळेल' असंही रंगवलेलं आहे. ती ओळ उन्हाने फिकी पडली, तरी वेबसाइट मागायला कोणी आलं नव्हतं. शेवटी पहिली मागणी आली ती आमच्याच गावच्या तलावासाठी.

गाव लाखांदूरकडचं. तलावाचं पाणी तुडुमातून, म्हणजे पारीखालच्या, तलावाच्या बांधाखालच्या, दारातून, मोठ्या पाटात उतरतं आणि तिथून बांधीबांधीत, धानाच्या एकेका खाचरात, जातं. माझे बाबा त्या पाण्याचे पाणकर होते. कोणाच्या धानाला किती वेळ, कोणाचा धुरा, म्हणजे खाचराचा बांध, कुठे फोडायचा, कोणाचा बुजवायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. गुडघे गेले तेव्हा गावच्या पाणीवापर संस्थेने दुसरा पाणकर नेमला, चांगला माणूस, पण नवा. मग संस्थेच्या लोकांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुया बाबाच्या डोक्यातलं सारं वेबसाइटवर उतरवून दे, म्हणजे भांडणंच नाही."

मी लगेच हो म्हटलं. पाटीवरच्या ओळीची लाज होती.

चित्र सोपं होतं. तलावाचा चौकोन, त्याखाली तुडुम, मग पाट, पाटाच्या फांद्या, फांद्यांवर बांध्यांचे चौकोन आणि मधे बाण. पण पाण्याच्या खुब्या बाणात मावत नाहीत. म्हणून मी ठरवलं, टूलटिप लावायच्या. चौकोनावर माउस नेला की बाजूला छोटीशी पट्टी उघडेल आणि त्या बांधीची माहिती सांगेल. माउस सरकवला की पट्टी गायब. चित्र स्वच्छ, माहिती भरपूर. मी स्वतःवर खूश झालो.

माहितीसाठी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि वही उघडली.

"तिसऱ्या फांदीवरच्या दुसऱ्या बांधीला किती वेळ?"

"काय मालूम."

"अहो, तीस वर्षं तुम्हीच पाणी दिलं ना?"

"इथं बसून कसं सांगू? बांधीवर चाल, मंग सांगतो."

मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट. पण खरंच, धुऱ्यावर उभे राहिले की ते बोलायला लागायचे. एका बांधीपाशी काठी टेकून म्हणाले, "इथं खेकडे धुरा फोडतात, पाहजो." पुढच्या बांधीपाशी, "याचा मालक पाणी घेतो अन् घेतलंच नाही म्हणतो." तिथून दोन पावलं सरकले की गप्प. मी वही घेऊन मागे. चौकोनांवर माउस न्यावा तसा मी बाबांना बांधीबांधीवर नेत होतो, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

तिसऱ्या फांदीच्या अगदी शेवटी मोठ्या मायची बांधी आहे. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले, तेव्हापासून ती एकटीच ती बांधी करते. तिथे बाबा जरा जास्त वेळ उभे राहिले.

"हे लिही. बाकीच्या येळी पानी वरून खाली. पण धान निसवाले लागलं का उलटं. वरच्या सगळ्यायचे धुरे चिखल-तणसानं बुजवायचे अन् पयलं पानी इथं आणायचं."

"काहून?"

"वरच्याले उशीर झाला तं त्याच्या बांधीत ओल राहाते. शेवटच्याले उशीर झाला तं लोंबीत दाणाच नाही भरत. जुन्या लोकायची रीत हाय. लिही."

मी लिहिलं. निसवणं म्हणजे पोटरीतून लोंबी बाहेर पडणं. दुकानात येऊन ते शुद्ध केलं. 'पीक निसवण्याच्या अवस्थेत असताना जलवितरणाचा क्रम उलट ठेवावा.' माझ्या मते ते फारच झोकदार झालं होतं. पट्टीला पिवळसर रंग दिला. पट्टीच्या कडेची सावली किती गडद असावी यात माझे दोन दिवस गेले.

बायको मागून पाहत होती. "फोनवर पाहून घेतलं का जी?"

"फोनवरही तसंच दिसते," मी म्हणालो. पाहिलं नव्हतं. दुकानातला संगणक मोठा, आणि माझा मोठेपणाही तेवढाच.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रोजेक्टरने सगळ्यांना दाखवलं. माउस हातात धरून मी एकेक चौकोन उघडत गेलो, लोक 'वा वा' करत होते. बाबांनी मोठ्या मायच्या बांधीची पट्टी मला मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, "हे कोण बोलून राह्यलं?"

"तुम्हीच."

"मी असा बोलतो?" आणि भिंतीकडे पाहत राहिले. सगळे हसले. मीही हसलो.

धान पोटरीतून निसवायला लागलं त्या दिवसांत बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ते आमच्याकडे भंडाऱ्याला होते. मोठी माय आंधळगावला लेकीकडे गेली होती. जाताना मला फोन केला होता, "बापू, मी आठ दिवस नाही. पान्याचं पाहजो." मी म्हणालो, "आता पाहायचं काय? सगळं वेबसाइटवर आहे."

ती परतली त्या सकाळी पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"माया बांधीत भेगा पडल्या रे. अन् वरच्यायच्या बांधीत बेडूक ओरडून राह्यले."

बाबांच्या डोळ्यावर हिरवा चष्मा होता, तरी ते उठलेच. त्यांना मागे बसवून मी मोटरसायकल काढली. मी मनातल्या मनात नव्या पाणकराला झापत होतो, शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते.

तो तुडुमापाशीच भेटला. घाबरला नव्हता, कारण त्याला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं.

"भाऊ, मी तं चित्रात पाहूनच सोडलं. बाण वरून खाली हायेत. तसंच सोडलं."

"आणि सूचना? शेवटच्या चौकोनावरची?"

"कोणती सूचना? तुमी भिंतीवर दाखवलं त्या दिवशी मी पाटावर होतो."

"अरे, चौकोनावर नेलं की उघडते ना!"

"काय नेलं का?"

त्याने फोन पुढे केला. चौकोन होते, बाण होते. मी काचेवर बोट अधांतरी धरलं, माउस धरावा तसं. काही झालं नाही. बोट टेकवलं. काही झालं नाही. जोरात दाबलं, तर चित्रच मोठं झालं आणि सरकून भलतीकडे गेलं. पाणकर माझ्या बोटाकडे पाहत होता. बाबा हिरव्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत होते. अख्ख्या गावात संगणक दोन, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत. बाकी सगळ्यांच्या खिशात फोन. फोनला माउस नसतो. एवढी गोष्ट वेबसाइट बनवून देणाऱ्याला तलावाच्या पारीवर उभं राहून कळली.

वरच्या बांधीवाल्यांना रीत माहीत नव्हती असं नाही. पण स्वतःच्या बांधीत पाणी शिरत असताना कोणाला काय आठवतं? बाबा होते तोवर ते आठवण करून देत. आता ते काम माझ्या पट्टीचं होतं.

पाणकरासाठी ठरवलेले शब्द मी गिळले. दोघं पाटात उतरलो. चिखल आणि तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, बोळे करून वरच्या बांध्यांची तोंडं बुजवत गेलो. बाबा धुऱ्यावरून काठीने दाखवत होते, "तो नाही, त्याच्या बाजूचा." पाणी शेवटच्या बांधीत पोचायला दुपार झाली. भेगांत शिरताना ते बारीक फुसफुसत होतं. मोठी माय धुऱ्यावर बसून होती.

"तुया कम्प्युटरनं मले शेवटी ठेवलं, बापू," ती म्हणाली.

"मीच ठेवलं," मी म्हणालो.

अर्धी बांधी वाचली. उंचवट्याकडच्या बाजूला लोंब्या पांढऱ्या पडल्या, पोचट. कापणीपर्यंत त्या ताठ उभ्या होत्या. भरलेली लोंबी वाकते, ही नाही. गावात गेलो की दुरूनच दिसायच्या.

चित्र स्वच्छ दिसावं म्हणून मी झाकून काय ठेवलं, यावर मी पुष्कळ विचार केला. सोपं, सगळ्यांना ठाऊक असलेलं चौकोनात ठळक लिहिलं होतं. जे चुकलं तर कोणाचं वर्षभराचं धान जाईल, ते पट्टीत घातलं, तेही अशा भाषेत, की बोलणाऱ्याने स्वतःला ओळखलं नाही. माझ्या दुकानातही मी हेच करतो. महत्त्वाची अट फॉर्मच्या खालच्या बारीक अक्षरांत असते, आणि तीच गिऱ्हाईकाला सांगायची राहून जाते.

मग दुरुस्ती केली. बोट टेकवलं की पट्टी उघडेल असं केलं. मोठ्या मायच्या चौकोनावर मात्र 'निसवताना पयलं पानी इथं' हे उघड्यावर लिहिलं. आणि पट्ट्यांतला सगळा मजकूर बाबांच्या बोलण्यात परत आणला, खेकड्यांसकट. पाणी घेऊन नाही म्हणणाऱ्याची ओळ तेवढी गाळली, कारण मला त्याच गावात जेवायला जायचं असतं.

या वेळी आधी फोन घेऊन मोठ्या मायकडे गेलो. तिने अंगठा पदराला पुसला आणि आपल्या चौकोनावर टेकवला. पट्टी उघडली. तिला अक्षरं लागत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवलं: 'वरच्या सगळ्यायचे धुरे चिखल-तणसानं बुजवायचे अन् पयलं पानी इथं आणायचं.'

"भाऊजीच बोलले हे," ती म्हणाली. बाबांना ती भाऊजी म्हणते.

तिने अंगठा उचलला. पट्टी मिटायला हवी होती, मिटली नाही. तशीच उघडी राहिली, चित्राचा निम्मा भाग झाकून. माझी आणखी एक चूक. मी ओशाळून फोन मागितला, "दे, दुकानात जाऊन नीट करतो. ती बंद व्हायला पाहिजे."

तिने फोन दिला नाही.

"राहू दे तशीच," ती म्हणाली. "बंद नोको करू."