मोटर ऐकायचा ऑनलाइन वर्ग

माझे मामा मोटर शिकवतात. म्हणजे बिघडलेली मोटर दुरुस्त करायला शिकवतात. पंख्याची, पंपाची, वॉशिंग मशीनची, जी येईल ती. एकतीस वर्षं एकच प्रशिक्षण केंद्र, एकच खोली आणि माझ्या अंदाजाने एकच निळा एप्रन. मीही त्याच केंद्राच्या ऑफिसात कारकून आहे. घरी ‘मामा’ आणि ऑफिसात ‘सर’ म्हणायचं असं आमचं ठरलंय. राग आला की मात्र मी कुठेही मामाच म्हणते, आणि राग मला रोज येतो.

गेल्या वर्षी प्राचार्य मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मोटरच्या वर्गाला बाराच जणांनी नाव घातलं होतं. सगळे कुठे ना कुठे कामाला, रोज येणं कोणालाच जमणारं नव्हतं.

"शनिवारी वर्कशॉप, बाकी सगळं ऑनलाइन," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. बारापैकी आठ पास झाले तर विभाग चालू राहील. नाहीतर सर, माझाही नाइलाज आहे. खोली दुसऱ्या वर्गाला द्यावी लागेल आणि तुम्हाला स्टोअर बघावं लागेल."

स्टोअर म्हणजे जिन्याखालची जाळी. तिथे बसून सही घ्यायची आणि स्क्रू ड्रायव्हर द्यायचा, सही घ्यायची आणि स्क्रू ड्रायव्हर परत घ्यायचा. निवृत्तीला मामांची चार वर्षं उरली होती. ज्या माणसानं नुसत्या आवाजावरून शेकडो मोटरी ओळखल्या त्याला तिथे बसवणार!

मामा बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "ऑनलाइन मोटर! उद्या फोनवरून पोहायला शिकवा म्हणतील."

शिकवण्यासाठी केंद्रानं एक पोर्टल घेतलं होतं आणि ते सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. का, तर मी एकदा मॅडमचा अडकलेला प्रिंटर चालू करून दिला होता. या पोर्टलवर शिक्षकानं आपली साधनं आपण निवडायची असतात. प्रश्नमंजुषा आहे, चर्चा आहे, गृहपाठ आहे, मतदान आहे, सगळ्यांनी मिळून भरायचा शब्दकोश आहे, एकमेकांचं काम तपासायची सोय आहे. अशी एकूण चौदा.

"यातलं काय लावू?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुम्हाला काय शिकवायचंय ते सांगा."

"मोटर."

"अहो, मोटरमधलं काय?"

"सगळं. आणि तू ही चौदाही लाव. दिली आहेत ना त्यांनी, मग ठेवायची कशाला?"

लावली मी चौदाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन जो वाजायला लागला तो थांबेना. बाराजणांत एक ताई होती, एका मोठ्या लाँड्रीत कपडे धुण्याच्या कामावर. सगळे तिला लाँड्रीताई म्हणत. ती अगदी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, आत चौदा दारं आहेत. मी कुठून शिरायचं?" दुसरा एक होता तो रिपेअरिंगच्या दुकानात नोकरीला, म्हणून त्याचं नाव दुकानदार. त्यानं शब्दकोशात ‘स्क्रू : फिरवायची वस्तू’ अशी भर घातली आणि आपला अभ्यास झाला म्हणून कळवलं. मामांनी तेरा साधनं काढून टाकायला लावली आणि एकटी प्रश्नमंजुषा ठेवली. तिचं त्यांना भारी कौतुक, कारण तपासायचं काम मशीनच करतं.

आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात बारापैकी बाराजणांना दहापैकी दहा! मामांची छाती दोन इंच फुगली. मला निकाल छापायला लावून त्यांनी तो वर्कशॉपच्या दारावर चिकटवला, आणि मॅडम त्या बाजूला कधी येतात याच्यावर दोन दिवस लक्ष ठेवून होते.

शनिवारी त्यांनी टेबलावर एक मोटर ठेवली आणि बटण दाबलं. मोटर नुसती हुं करत राहिली, फिरेना. "चला, दहापैकी दहावाले. काय झालंय हिला?" बारा माणसं टेबलाभोवती उभी, सगळ्यांचे हात पाठीमागे. कोणी दांडा हलवून बघेना, कोणी झाकण उघडेना. शेवटी एकजण म्हणाला, "सर, पर्याय काय काय आहेत?"

मामांचा चेहरा बघवेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चुकलं तर पुन्हा करता येत होतं, कितीही वेळा. सगळे उत्तरं हिरवी होईपर्यंत बटणं दाबत बसले होते.

"असलं सेटिंग कोणी केलं?" मामा माझ्यावर ओरडले.

"तुम्हीच सांगितलंत! बिचारे दमून येतात, चुकलं तर पुन्हा करू दे, म्हणून."

दारावरचा कागद त्यांनी स्वतः काढला. रविवारी मात्र सकाळीच माझ्या घरी हजर, चपला काढायच्या आधीच सुरू. "मोटर काय अशी वाचून कळते का? मोटर ऐकावी लागते. त्यांना आवाज पाठवता येईल का?"

येईल म्हटलं. मग दोन दुपारी आम्ही बिघडलेल्या मोटरींचे आवाज माझ्या फोनवर घेतले. पहिल्या तीन रेकॉर्डिंगमध्ये मोटरपेक्षा मामांचं "गप्प बसा रे तिकडे!" जास्त ऐकू येतं, ती टाकून द्यावी लागली. चौथं चांगलं आलं. ते आम्ही पोर्टलच्या चर्चेत टाकलं आणि खाली लिहिलं, ‘ही मोटर का फिरत नाही?’

पहिलं उत्तर दुकानदाराचं. ‘कपॅसिटर गेलाय. रोज बघतो असल्या.’ कपॅसिटर म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा डबीसारखा भाग. त्याच्याखाली एकानं लिहिलं, ‘हो सर, कपॅसिटर.’ मग दुसरा, ‘कपॅसिटरच.’ मग तिसरा, ‘मलाही तेच म्हणायचं होतं.’ दोघांनी नुसता अंगठा दाखवला. संध्याकाळपर्यंत अकराही जणांनी त्याची री ओढली होती. आणि दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग जाम झालं होतं! दांडा हातानं फिरवताना होणारी खरखर रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येत होती.

"बाराजणांत मिळून एकच डोकं, आणि तेही चुकीचं," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बंद कर सगळं. मॅडमना सांग, स्टोअरची किल्ली द्या म्हणावं."

मग मात्र माझं टाळकं सरकलं. "किल्ली मागा हवी तर, पण आधी मला एक सांगा. दुकानदार काय ऑनलाइनच असतो का? वर्गातही असतोच ना असा एखादा! मग वर्गात तुम्ही काय करता?"

"वर्गात कशाला कोणी री ओढेल? मी एकेकाला जवळ बोलावतो आणि कानात सांग म्हणतो. सगळ्यांचं ऐकून झालं की मग फळ्यावर लिहितो. कोण काय म्हणालं ते तेव्हा कळतं."

खरंच की! ऑफिसच्या खिडकीतून मी हे वर्षानुवर्षं बघत होते. मामा वाकून उभे आणि बाप्येच्या बाप्ये त्यांच्या कानाशी लागलेले. किती हसायचो आम्ही त्यावरून! ते असं का करतात हे एकदाही विचारायचं सुचलं नव्हतं.

"अहो मामा, मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कधी? चौदातलं कुठलं लावू, एवढंच विचारत होतीस."

मी पोर्टल उघडून शोधत बसले. तासाभरानं सापडलं. चर्चेचाच एक वेगळा प्रकार होता. त्यात आपलं उत्तर लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. मी मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "असं आहे होय? म्हणजे कानातच सांगायचं की."

पुढच्या आवाजाला नऊ निरनिराळी उत्तरं आली. त्यातली आठ चूक होती आणि मामा खुशीत! "हा बघ, कसा झकास चुकलाय. हा ऐकतोय तरी!" दोन बोटांनी टाइप करत ते प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊ लागले. एका उत्तराला त्यांना पंधरा मिनिटं लागत, पण मला हात लावू देत नसत. दुकानदाराच्या चुकलेल्या उत्तराची री ओढायला या वेळी कोणीच नव्हतं, तेव्हा तो चार दिवस रुसून बसला. पाचव्या दिवशी त्यानं लिहिलं, ‘सर, बेअरिंगची खरखर कशी ओळखायची? दुकानात मला कोणी सांगितलं नाही.’ मामांनी त्याला एक पानभर उत्तर लिहिलं. लाँड्रीताई तीन शब्दांच्या वर कधी गेली नाही. ‘बेअरिंग गेलं सर.’ ‘वायर तुटली सर.’ पण महिनाभरात तिचे तीन शब्द बहुतेक वेळा बरोबर निघायला लागले.

शेवटी आमच्या वर्गात साधनं राहिली तीन. ही चर्चा, एकदाच सोडवता येणारी प्रश्नमंजुषा, आणि जोडणीचा फोटो पाठवायचा गृहपाठ. बाकीची अकरा कशासाठी असतात ते मला आजही नीट माहीत नाही.

परीक्षेला एक सडपातळ गृहस्थ आले. पाणी घेता का विचारलं तर मानेनंच नको म्हणाले. शिकवणाऱ्यानं आत थांबायचं नाही असा त्यांचा नियम, म्हणून मामा बाहेर कॉरिडॉरमध्ये, आणि मी ऑफिसचं काम टाकून त्यांच्याजवळ. एकेकजण बाहेर येत होता. दुकानदार पास झाला, बाहेर येऊन मामांच्या पाया पडला आणि लाजून पळून गेला. दुपारी तीन वाजता हिशेब असा होता की सात पास, चार नापास आणि एकजण बाकी. बाकी होती लाँड्रीताई.

आतून मोटरचं हुं सुरू झालं. मग तिनं काठीनं दांड्याला ढकलल्याचा आवाज आला आणि मोटर फिरायला लागली. मामांनी माझा हात धरला. "धक्का दिल्यावर फिरली ना? कपॅसिटर! अगं, सोपी आली तिला. सुटलो आपण!" असं म्हणून ते मला किती सोपी आली ते समजावू लागले. आत मोटर बंद झाली. मग ताईचा आवाज, "आतला स्विच अडकलाय सर."

मोटरनं वेग घेतला की सुरुवातीचा धक्का तोडणारा एक छोटा स्विच आत असतो. मामा पांढरेफटक पडले.

"कपॅसिटर गं बाई, कपॅसिटर," ते पुटपुटले आणि मटकन बाकावर बसले. "संपलं. तिची काही चूक नाही हं. मीच कमी पडलो." मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कोणाचा, ते कळत नव्हतं.

"नक्की?" परीक्षकांनी आत विचारलं.

"नक्की सर."

त्यांनी नवा कपॅसिटर लावला आणि बटण दाबलं. हुं. पुन्हा तेच, मोटर जागची हलेना. मामांनी मान वर केली. आत पाना पडल्याचा, झाकण निघाल्याचा आवाज झाला. मग परीक्षक स्वतः दारात आले. त्यांची बोटं काळी झाली होती.

"स्विचच आहे. मळ बसून चिकटलाय. चांगले चांगले कपॅसिटर म्हणून मोकळे होतात. हिला शिकवलं कोणी?"

"माहीत नाही," मामा म्हणाले. "मी तर बाहेर बसून कपॅसिटर म्हटलं होतं."

परीक्षक त्या दिवशी पहिल्यांदा हसले आणि यादीवर आठवी खूण करून मॅडमच्या केबिनकडे गेले. मामा आत शिरले. मी त्यांच्या मागोमाग. ताई घाबरून उभी होती, पास झाल्याचं तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

"कशावरून ओळखलंस?" मामांनी विचारलं.

"सर, मोटर बंद केली की थांबता थांबता आत स्विच परत बसल्याचं टक् होतं ना? तुमच्या फिरत्या मोटरींच्या आवाजांत शेवटी असतं ते. आज झालंच नाही."

मामा बघतच राहिले. "ते मला ठाऊक आहे गं. पण मी कधी शिकवलं नाही. मला वाटायचं, ते आपोआप येतं. आणि आज मीच तिथपर्यंत थांबलो नाही, हिच्याशी बोलत बसलो. पण तू कसं काय पकडलंस? इतर कोणाला नाही सापडलं."

"बाकीचे आधीच बंद करत असतील सर. माझे हात पाण्यात असायचे. हात पुसून फोन बंद कोण करणार? म्हणून शेवटपर्यंत वाजत राहायचं."

मामांना हसू आवरेना आणि त्यातच डोळे भरून आले, तेही त्यांनी लपवलं नाही. "पास झालीस तू. विभागही वाचवलास," ते म्हणाले. मग विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले आणि मला फोन काढायला लावला.

"आता सगळं पहिल्यापासून सांग, सावकाश. पुढच्या वर्गाला हेच ऐकवायचंय."