पडद्यावरचे दोन देश

त्यांनी जन्मात एकाही पोराला अक्षर शिकवलं नाही, तरी सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. पडदेमास्तर. फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या पाठीमागे रंगवलेला पडदा असतो ना, ते पडदे करणं हा त्यांचा धंदा. आणि मास्तरांची बायको, म्हणून त्यांची बायको आपसूक मास्तरीणबाई झाली. तिला मात्र ते नाव शोभायचं. गल्लीत कुणाला ताप आला, कुणाची सून रुसली, कुणाचा म्हातारा जिन्यावरून घसरला, की हिने पायांत चपला सरकवल्याच. जाड तळव्याच्या तपकिरी चपला. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तांबड्या दोऱ्याने शिवलेला. त्या ज्याच्या दाराबाहेर दिसतील त्या घरात विचारपूस चालली आहे, हे येणारा-जाणारा ओळखायचा. मास्तरांना बायको हवी असली तर ते हाक मारत नसत. गल्लीतून दारोदारच्या चपला बघत जात.

पडद्याचं काम दिसतं तितकं सोपं नव्हे बरं का. बारा फूट रुंद, नऊ फूट उंच असा मांजरपाट ताणून बांधायचा, त्याला खळ पाजायची, वाळला की सरस घातलेल्या रंगाचे हात द्यायचे. मास्तरांना त्यांच्या उस्तादाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक म्हणजे पडद्याची मधली जागा फिकट आणि मोकळी ठेवायची, कारण तिथे गिऱ्हाईक उभं राहतं. आणि दुसरी, पडद्यावर माणूस काढायचा नाही. "माणूस गिऱ्हाईक घरून घेऊन येतं," उस्ताद म्हणायचा. "आपण फक्त त्याला कुठे जायचंय ते दाखवायचं."

गावातल्या फोटोवाल्याच्या स्टुडिओत लावलेले मास्तरांचे दोन पडदे फार गाजले. एक बर्फाचा, एक वाळूचा. बर्फाच्या देशात निळे डोंगर, लाल छपराचं घर, तळं आणि तळ्यात दोन हंस. वाळूच्या देशात सोन्यासारखी वाळू, खजुराची झाडं, चंद्रकोर आणि लांबवर उंटांची रांग. मास्तरांनी गावाची शीव फारशी ओलांडलेली नव्हती, हे सगळं एका जुन्या कॅलेंडरवरून उतरवलेलं. पण लोक तिकडे जाऊन आल्यासारखे खूश व्हायचे.

मास्तरांच्या दोन मुली त्या पडद्यांच्या पायाशीच वाढल्या. थोरली बर्फात घर-घर खेळायची, धाकटी वाळूत. "माझा देश चांगला," "हॅट, तुझ्याकडे गारठून मरायला होतं," अशी रोज भांडणं. आणि योग बघा कसा! थोरलीला स्थळ आलं ते थंड मुलुखात कारखान्यात कामाला असलेल्या मुलाचं. धाकटी नर्स झाली आणि तिला नोकरी लागली ती वाळवंटी मुलुखातल्या दवाखान्यात. एक या टोकाला गेली, एक त्या टोकाला.

"लोक मुलींना झोका बांधून देतात," मास्तरीणबाई हसत म्हणाली, "तुम्ही रस्ता रंगवून दिलात. तोसुद्धा पक्क्या रंगात!"

पहिल्यांदा ती हे हसत म्हणाली. पुढे पुढे म्हणायची तेव्हा हसत नसे, आणि मास्तर रंगाचे डबे नीट लावायला उठत.

मग पत्रं सुरू झाली. थोरलीने लिहिलं, "बाबा, तुमच्या पडद्यासारखं इथे काहीच नाही हो. डोंगर नाही, सगळं ताटासारखं सपाट. चारमजली चाळवजा इमारती. बर्फ पडताना पांढरा असतो, दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळासारखा होतो. दुपारी तीनला दिवस मावळतो. माणसं वाईट नाहीत, पण बोलत नाहीत. शेजारी सकाळी आमच्या दारासमोरचा बर्फसुद्धा ओढून टाकतो आणि मी 'उपकार झाले' म्हणायला दार उघडलं की पळून जातो."

धाकटीचं पत्र यायचं त्यात नुसता उजेड. "इथे ऊन पिवळं नसतं, पांढरं असतं. वाळू सोन्याची नाही, भाजलेल्या विटेची. रस्त्याच्या बाजूला घरांना खिडकीच नसते, भिंत आणि एक बंद दार. पण माणसं किती बोलकी! कामाचं बोलण्याआधी तीन-तीनदा विचारतात, कशी आहेस, आई कशी आहे, बाबा कसे आहेत. उत्तर दिलं तरी पुन्हा विचारतात."

हे वाचलं की मास्तरीणबाईचा चेहरा फुलायचा. "बघा! ह्याला म्हणतात देश. विचारपूस आहे. नाहीतर तुमची ती गारेगार मंडळी, उपकार करून पळणारी."

"अगं, पण न बोलता बर्फ ओढतो तो बिचारा. किती मोठं मन!"

"मन पोटात ठेवून काय लोणचं घालायचंय? तोंडावाटे बाहेर यायला नको?"

रोज जेवताना हाच वाद. दोघांनी दोन देश वाटून घेतले होते.

फोटोही यायचे. पण मुली पडल्या स्टुडिओत वाढलेल्या. कॅमेरा दिसला की ताठ, अगदी मधोमध आणि चौकट भरून उभ्या राहायच्या. मागचा सगळा देश झाकून जायचा. मास्तरीणबाई फोटो उलटा करून बघायची, जणू देश पाठीमागे चिकटला असेल.

मग तिला दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग भाकरी भाजतानासुद्धा. डॉक्टरांनी छाती तपासून मास्तरांना बाहेर नेलं. विमान सोडाच, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा सांभाळून, म्हणाले. त्या दिवसापासून तपकिरी चपला आपल्याच दारात दिसू लागल्या.

"माझ्या मुली कुठे राहतात ते एकदा बघायचं होतं," ती म्हणाली. रडली नाही, गाऱ्हाणंही नाही. "घर कसं, दार कुठे, धुणं कुठे वाळत घालतात. एवढंच."

मास्तरांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "मी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन त्यांनी हंसांवर राखाडी रंग फासला. फोटोवाला ओरडत आला. "अहो मास्तर, हंस! माझे हंस! सगळ्या गावची लग्नं ह्या हंसांनी जमवलीत!"

"तिकडे हंस नाहीत. पत्र आलंय."

डोंगर गेले, लाल छप्पर गेलं. पत्रं समोर ठेवून मास्तरांनी सपाट आभाळ काढलं, तारा काढल्या, चारमजली इमारत आणि तिच्या चाळीस खिडक्या काढल्या, दारासमोर मळकट बर्फाची रास काढली. वाळूच्या पडद्यावरचे उंट गेले, चंद्रकोर गेली. उरली विटकरी वाळू, लांबलचक भिंत आणि एक बंद दार. एक मुलगा स्थळासाठी फोटो काढायला आला तो पडदा पाहूनच परत फिरला. फोटोवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, लोक इथे फोटो काढायला येतात, पश्चात्ताप करायला नाही." पण मास्तर कुणासाठी राबताहेत ते त्याला ठाऊक होतं. मास्तरीणबाईने त्याच्या आईच्या दुखण्यात दोन महिने त्याच्या घरी चपला काढल्या होत्या. तो बोलायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

शेवटी एका सकाळी हातगाडीवर खुर्ची बांधून मास्तरांनी तिला स्टुडिओत आणलं. फोटोवाल्याने बाहेर 'बंद' अशी पाटी फिरवली आणि दिवे लावले.

"आधी कुठला उघडू? धाकटीचा?" मास्तरांनी विचारलं. तिचा लाडका देश त्यांना माहीत होता.

"नको. थोरलीचा उघडा. धाकटीची मला काळजी नाही, तिच्याकडे माणसं विचारतात तरी. थोरलीला तिथे कोण आहे?"

पडदा सरसरत खाली आला. तिने एकेक खिडकी न्याहाळली. मग तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. ती थट्टा करत होती की खरोखर तिला गार वाटलं, हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"तिची खिडकी कुठली?"

"तिसरा मजला. डावीकडून दुसरी."

"अंधार का आहे?"

"कामावर गेली असेल," मास्तर म्हणाले.

"मग बसू थोडा वेळ. येईल."

आणि ती खरंच बसली. मांडीवर हात ठेवून, कुणाच्या घरी गेल्यावर बसायची तशी. फोटोवाला कॅमेरा पुसत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. तिचा श्वास करवतीसारखा वाजायला लागला.

"आली नाही हो अजून."

मास्तर उठले. बारीक कुंचला घेतला, पिवळ्या रंगात बुडवला आणि तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसऱ्या खिडकीत एक ठिपका ठेवला.

"आली बघ. दिवा लावला."

ती त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग मान हलवली. "चला आता. दमली असेल, तिला बसू दे." दाराशी आल्यावर म्हणाली, "धाकटीचं उद्या."

ते उद्या काही आलं नाही. संध्याकाळी दम वाढला आणि तीन दिवसांत सगळं संपलं.

थोरली पाचव्या दिवशी पोचली, धाकटी नवव्या. थोरलीने स्टुडिओत जाऊन ठिपका पाहिला, पदराने तोंड दाबलं आणि म्हणाली, "बरोबर आहे बाबा, हीच." ती परत गेल्यावर घरात बाप आणि धाकटी राहिले. धाकटी आईची साडी घडी घालता घालता म्हणाली, "बाबा, आईने माझा देश पाहिला का?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. फार तर रंगवता यायचं. "नाही गं. थोरलीचाच पाहिला. म्हणाली, धाकटीची काळजी नाही, तिथे माणसं विचारपूस करतात."

त्यांना वाटलं, पोरीला बरं वाटेल. धाकटीच्या हातातली घडी विसकटली.

"विचारतात बाबा," ती म्हणाली. "तीन-तीनदा विचारतात. पण एकमेकांना. आम्ही तिथे बाहेरच्या बाया. मी खाट सारखी करत उभी असते आणि माझ्या डोक्यावरून त्यांचं चालू असतं, आई कशी आहे, बहीण कशी आहे. मला पाच वर्षांत कुणी विचारलं नाही. आईला आवडतं म्हणून मी लिहायची."

मास्तरांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. त्यांना वाटलं, अरेरे, हिच्या आईने भलत्याच मुलीकडे आधी पाहिलं. पण मग हेही वाटलं की ती दोघींकडेही पुरी पडली असती, एक दिवस आणखी मिळता तर.

धाकटी गेली. जाताना तिने विचारलं, "तुम्ही कसे आहात बाबा?" आणि उत्तर ऐकून घेऊन पुन्हा एकदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्टुडिओत गेले आणि त्यांनी वाळूचा पडदा खाली सोडला. भिंत, बंद दार, मधली मोकळी जागा. माणूस काढायचा नाही, हे उस्तादाचं बजावणं त्यांनी चाळीस वर्षं पाळलं होतं, आणि आता काढायचा म्हटलं तरी त्यांना माणसाचं नाकसुद्धा काढता आलं नसतं. ते गुडघ्यांवर बसले. दाराच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी चपलांचा एक जोड काढला. तपकिरी, जाड तळव्याच्या. डाव्या चपलेच्या अंगठ्याला तांबड्या दोऱ्याचे टाके. मोजून पाच टाके, घरच्या चपलेला होते तेवढेच.

त्यानंतर त्या पडद्यापुढे पुष्कळ फोटो निघाले. एकदा एक आजोबा फोटो झाल्यावर वाकून त्या चपला पायात घालायला गेले आणि तोल जाऊन पडदा धरून बसले. स्टुडिओभर हशा झाला, मास्तरही हसले. गिऱ्हाइकं विचारायची, "अहो, ह्या चपला पुसा की. कुणाच्या आहेत?"

फोटोवाला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालता घालता सांगायचा, "राहू द्या. आत कुणीतरी बसायला आलंय."